कस्तूर दिसत नाही म्हणता? आधी या चुका सोडा

पाऊस सुरू झाला की माझ्या फोनवर एकाच पक्ष्याचे हललेले फोटो यायला लागतात आणि खाली प्रश्न असतो, 'दादा, हा नवरंगच ना?' फोटोत निम्म्या वेळा असतो तो नारिंगी डोक्याचा कस्तूर. मुंबईजवळच्या संजय गांधी उद्यानात, कर्नाळ्यात, फणसाडला, कोकणातल्या नारळ-सुपारीच्या वाड्यांत तो बाराही महिने राहतो. दुर्मीळ अजिबात नाही. आपण त्याच्याकडे चुकीच्या पद्धतीनं बघतो, एवढंच.

नवरंगाचं आधी उरकतो. दोघंही पाचोळ्यात वावरतात, दोघांच्याही पोटावर उबदार रंग, म्हणून घोटाळा. नवरंगाची शेपटी म्हणजे जवळजवळ नाहीच, पाठ हिरवी, डोळ्यावरून काळा पट्टा आणि बुडाशी लाल रंग. कस्तुराला नीट शेपटी असते, नराची पाठ निळसर राखाडी असते आणि शेपटीखालचा भाग पांढरा असतो. शेपटी बघा. बाकी काही दिसलं नाही तरी चालेल.

आता पुस्तकाचं भूत. 'चित्रात अख्खं डोकं नारिंगी आहे, माझ्या पक्ष्याचा गळा पांढरा आहे, म्हणजे वेगळी जात सापडली!' हा उत्साह मी इतक्या वेळा पाहिलाय की आता हसूही येत नाही. चित्रातला बहुतेक हिमालयाकडचा असतो. आपल्या दख्खनी द्वीपकल्पातल्या उपजातीचा गळा आणि गाल पांढरे असतात आणि त्या पांढऱ्यावरून डोळ्याखाली व कानाजवळ दोन गडद उभ्या रेघा उतरतात. काजळ ओघळल्यासारख्या. याच रेघांवर मी त्याला पन्नास पावलांवरून ओळखतो. हिमालयातले काही थंडीत दक्षिणेकडे उतरतात, त्यामुळे हिवाळ्यात रेघा नसलेला दिसला तर वहीत वेगळी नोंद करा. मादीची पाठ तपकिरी-हिरवट असते. अंगावर फिकट रेघोट्या असलेलं मळकट तपकिरी दिसलं तर ते पिल्लू आहे, नवा शोध नाही.

आवाजावरून यादी भरणं ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मी स्वतः केलीय. कर्नाळ्यात, जुलैमध्ये, सकाळी सातच्या सुमारास. छत्री एका खांद्यावर, वही प्लास्टिकच्या पिशवीत. समोरच्या दाट झाडातून शिंपी ओरडला. लिहिला. मग बुलबुल. लिहिला. मग सातभाई. लिहिले, आणि सोबत आलेल्या दोन नव्या पोरांना ऐटीत सांगितलं, 'बघा, एका झाडात तीन जाती, याला म्हणतात जंगल.' त्यातल्या एकीनं भाबडेपणानं विचारलं, 'पण सातभाई एकटाच कसा ओरडतोय?' मी तिला गप्प केलं. दहा मिनिटांनी पानं हलली. आत एकच कस्तूर बसला होता, चोच उघडी, गळा फुगलेला, आणि शिंप्याचा तुकडा संपवून आपल्या गोड शिळेवर येत होता. वहीतल्या तीनही ओळी त्या पोरांसमोर खोडाव्या लागल्या.

कस्तूर पक्का नकलाकार आहे. बुलबुल, शिंपी, सातभाई यांचे तुकडे तो स्वतःच्या गाण्यात विणतो. त्या दिवसापासून माझी एक सवय आहे: एकाच जागेवरून, मध्ये दम न घेता, दोन-तीन जातींचे आवाज आले की पेन खाली ठेवायचं आणि दिसेपर्यंत काही लिहायचं नाही. आवाज ओळखणारी ॲपंही इथं फसतात. माझ्या फोनवरच्या ॲपनं एका कस्तुराला दोनदा बुलबुल ठरवलंय. तरी लोक स्क्रीनवर नाव उमटलं की टिक मारून पुढे पळतात. पळा बापडे.

शीळ ऐकली की सरसकट 'कस्तूर' म्हणणंही थांबवा. ओढ्याकाठी, खडकांत, रमतगमत चाललेल्या पोरासारखी सूर सोडून देणारी लांब शीळ ऐकलीत तर तो शीळकरी कस्तूर. निळा-काळा, कपाळावर आणि खांद्यावर चमकता निळा. शास्त्रज्ञांनी त्याला आता माशीमारांच्या कुळात नेलंय. आपल्या भाषेत तो कस्तूरच राहिला. पिवळ्या चोचीचा आणि डोळ्याभोवती पिवळं कडं असलेला, काळ्या टोपीचा पक्षी घाटमाथ्यावर दिसला तर तो तिसराच कस्तूर.

गाण्याचं रेकॉर्डिंग वाजवून बोलावणं: करू नका. जून ते सप्टेंबर घरट्याचे दिवस असतात. नर अंडी-पिल्लं सोडून तुमच्या फोनशी भांडायला येतो. असा काढलेला फोटो मला पाठवू नका, मी उघडत नाही.

चालत शोधणं हीसुद्धा चूकच. चाहूल लागली की तो जवळच्या खालच्या फांदीवर उडून बसतो आणि दगडासारखा निश्चल होतो. तुम्ही वर बघत त्याच्या खालून निघून जाता. मी उलट करतो. सावलीची, ओलसर, पाचोळा साचलेली जागा शोधतो, थर्मास उघडतो आणि बसतो. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरताना. आधी आवाज येतो, वाळकी पानं उलटल्याचा. चोचीनं पान उडवायचं, खाली बघायचं, किडा किंवा गांडूळ उचलायचं, दोन उड्या पुढे. ज्यांना वीस मिनिटं गप्प बसवत नाही त्यांनी बगळे बघावेत.

शेवटी बागवाले. अलिबागकडे माझ्या मामेभावाची वाडी आहे. शिंपणाच्या ओलीमुळे सुपारीखाली रोज कस्तुराची जोडी यायची. एका वर्षी त्याचा फोन आला, 'अरे, यंदा फिरकलेच नाहीत.' गेलो तर अंगणासारखी लख्ख झाडलेली वाडी आणि कोपऱ्यात पानांची राख. म्हटलं, 'तू त्यांचं ताट जाळलंस.' त्यानं चिकूच्या झाडांखाली तीन-चार वाव जागा झाडणं बंद केलं आणि पाण्याचं उथळ परळ जमिनीवरच ठेवलं, मांजराला दबा धरता येणार नाही असं, झुडपापासून जरा दूर. दुसऱ्या पावसाळ्यात एक नर आला. मादी अजून आलेली नाही, आणि वहिनी अजूनही त्या पाचोळ्याकडे बघून नाक मुरडते.