आवर्तसारणीतले ट्रेंड पाठ न करता कसे काढायचे

दहावीला आम्हाला क्लासमध्ये फळ्यावर बाण काढून दिले होते, आकार खाली वाढतो, उजवीकडे कमी होतो, धातू गुण इकडे, अधातू गुण तिकडे, आणि आम्ही सगळ्यांनी ते बाणच पाठ केले, मग पेपरात कुठला बाण कुठे जातो हेच आठवेना. आता भाच्याला शिकवताना मी बाण काढूच दिले नाहीत.

आधी कोरा कागद घ्या आणि हायड्रोजन ते कॅल्शियम ही २० मूलद्रव्यं स्वतःच्या हाताने मांडा, प्रत्येकाखाली इलेक्ट्रॉन संरूपण लिहा, म्हणजे केंद्रकाभोवतीच्या कुठल्या कवचात किती इलेक्ट्रॉन ते. सोडियम २, ८, १. क्लोरीन २, ८, ७. पोटॅशियम २, ८, ८, १. जेवढे आकडे तेवढी कवचं, आणि तोच आवर्त (आडवी ओळ) क्रमांक. शेवटच्या आकड्यावरून गण (उभा स्तंभ) कळतो, १ किंवा २ असेल तर तोच गण, ३ ते ८ असेल तर त्यात १० मिळवायचे, म्हणून क्लोरीन गण १७ मध्ये. हेलियम तेवढा वेगळा, दोनच इलेक्ट्रॉन असून १८ मध्ये बसतो कारण त्याचं एकुलतं एक कवच दोनातच भरतं.

आता कुठलाही ट्रेंड विचारला की दोनच गोष्टी बघायच्या: कवचं किती, आणि केंद्रक बाहेरच्या इलेक्ट्रॉनला किती जोरात ओढतंय.

एकाच आवर्तात उजवीकडे गेलं की कवचं तेवढीच राहतात पण प्रोटॉन एकेक वाढतो, म्हणजे ओढ वाढते आणि अणू आक्रसतो. लिथियमची त्रिज्या १५२ पिकोमीटर, बेरिलियमची १११, ऑक्सिजनपर्यंत येता येता ६६. गणात खाली गेलं की दरवेळी नवीन कवच, बाहेरचा इलेक्ट्रॉन लांब, शिवाय मधल्या कवचांचा आडोसा, म्हणून सोडियम १८६ आणि पोटॅशियम २३१ च्या आसपास.

बाकी सगळं यातूनच निघतं. इलेक्ट्रॉन लांब असेल तर तो काढायला कमी ऊर्जा लागणार, बरोबर? या ऊर्जेलाच आयनन ऊर्जा म्हणतात, लिथियमची ५२० किलोज्यूल प्रति मोल, सोडियमची ४९६, पोटॅशियमची ४१९. म्हणूनच पाण्यात टाकल्यावर लिथियम नुसता फसफसतो आणि पोटॅशियम जांभळट ज्योत घेऊन पळत सुटतो (व्हिडिओतच बघा, घरी उद्योग नको). गण १७ मध्ये हेच उलटं, कारण हॅलोजनना इलेक्ट्रॉन द्यायचा नसून घ्यायचाय, त्यामुळे जो लहान तो जास्त खेचणारा, फ्लोरीन सगळ्यात आक्रमक आणि आयोडीन त्यामानाने गरीब. पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात क्लोरीनचं पाणी घातलं की द्रावण तपकिरी होतं, ते क्लोरीनने आयोडीनला हाकललेलं असतं. गण १८ चे राजवायू कवच भरलेलं म्हणून निवांत, पण एकदम निष्क्रिय म्हणू नका, झेनॉनचं संयुग १९६२ मध्येच करून झालंय.

अकरावी-बारावीवाल्यांनी मात्र इथे थांबू नका, कारण खरी मेख अपवादांत असते आणि परीक्षेत प्रश्नही हमखास तिथलाच येतो. बोरॉनची आयनन ऊर्जा (८०१) बेरिलियमपेक्षा (८९९) कमी कशी? दुसऱ्या कवचाचे २एस आणि २पी असे उपभाग असतात, बेरिलियमचं २एस भरलेलं असतं, बोरॉनचा नवा इलेक्ट्रॉन २पी मध्ये जातो आणि तिथून तो सहज निघतो. नायट्रोजन १४०२ आणि ऑक्सिजन १३१४ का? नायट्रोजनच्या तिन्ही २पी खोल्यांत एकेकच भाडेकरू असतो, ऑक्सिजनमध्ये एका खोलीत दोन कोंबावे लागतात, मग त्यांचं पटत नाही आणि एकाला बाहेर काढणं सोपं जातं. गॅलियम ॲल्युमिनियमच्या खाली असून किंचित लहान, कारण मध्ये आलेले दहा ३डी (तिसऱ्या कवचाच्या डी उपभागातले) इलेक्ट्रॉन आडोसा धड देत नाहीत. तिन्ही ठिकाणी उत्तर ओढ, आडोसा आणि इलेक्ट्रॉनांचं आपसात न पटणं यातच सापडलं, वेगळा बाण पाठ करावा लागला नाही.

आयनांमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन दिलेल्या किंवा घेतलेल्या अणूंमध्ये, पोरं हमखास गंडतात. तिथे आधी इलेक्ट्रॉन मोजा. ऑक्साइड, फ्लोराइड, सोडियम आणि मॅग्नेशियम या चारही आयनांत १०-१० इलेक्ट्रॉन, मग फरक फक्त प्रोटॉनचा, ८, ९, ११, १२. जास्त प्रोटॉन म्हणजे जास्त ओढ, त्यामुळे ऑक्साइड सगळ्यात मोठा आणि मॅग्नेशियम सगळ्यात लहान. आता सल्फाइड, क्लोराइड, पोटॅशियम आणि कॅल्शियमचे आयन असेच लावून बघा, १८-१८ इलेक्ट्रॉन आहेत, कॅल्शियम सगळ्यात लहान आला तर बरोबर चाललंय.