पोलिसांनी फिर्याद नोंदवून घेतली नाही तर
संशयितावर फौजदारी कारवाईची सुरुवात बहुधा दखलपात्र गुन्ह्याच्या (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याच्या) खबरीने होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ती खबर, गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असो, तोंडी किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून देता येते; मात्र इलेक्ट्रॉनिक खबरीवर ३ दिवसांत सही करावी लागते. संशयिताचे नाव ठाऊक नसले तरी अडत नाही. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावीच. नोंद नाकारली गेल्यास ठाण्यात वाद घालत बसण्यापेक्षा खबरीचा मजकूर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावा (पोचपावती जपावी, पुढे तीच उपयोगी पडते) आणि तरीही हालचाल न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज करावा.