हत्तीची सोंड की तोंड? डिस्लेक्सियाच्या मुलांसाठी दृष्टांत कसा वापरावा

डिस्लेक्सिया म्हणजे हुशार मुलालाही वाचायला शिकताना येणारी अडचण. अशा मुलाच्या घरी सांगितली जाते तीच गोष्ट निवडा, त्यासाठी आईवडिलांना विचारून घ्या. मी सर्वांत जास्त वापरते तो ‘उदान’ या पाली ग्रंथातला आंधळ्यांचा आणि हत्तीचा दृष्टांत. कान चाचपणाऱ्याला हत्ती सुपासारखा वाटतो, पाय चाचपणाऱ्याला खांबासारखा, शेपूट धरणाऱ्याला मुसळासारखा. वाक्याचा साचा तोच राहतो, शब्द तेवढा बदलतो.

गोष्ट हावभावांसह सांगा, मग मुलाकडून सांगून घ्या. अडलं तर “आता कोण आला?” एवढंच विचारा. तात्पर्य विचारू नका. तात्पर्य विचारलं की मूल गप्प होतं, आणि आपल्याला तर त्याला बोलतं करायचंय.

खरी मेख पुढे आहे. “ओळखीची गोष्ट वाचायला द्या, आत्मविश्वास वाढतो,” हा सल्ला सगळे देतात. मीही तो पाळला आणि तोंडघशी पडले. आठ वर्षांच्या एका मुलाने अख्खं पान न अडखळता वाचलं. आई खूश, मी त्याहून खूश. मग लक्षात आलं, तोंडाने ‘मुसळ’ म्हणत होता आणि बोट ‘खांब’वर होतं. गोष्ट पाठ होती, वाचन शून्य! ही मुलं हुशार असतात. कमकुवत वाचन स्मरणशक्तीच्या आड सहज लपवतात.

डिस्लेक्सियात बहुतेकदा अडचण असते ती शब्दातले ध्वनी सुटे करण्यात. म्हणून गोष्टीतून शब्द बाहेर काढा आणि आधी फक्त कानाने खेळा. ‘सूप’मधला स काढून त घाल: तूप. र घाल: रूप. ध घाल: धूप. प्रत्येक ध्वनीला एक सोंगटी सरकवायची. तोंडी जमल्यावरच अक्षरांच्या चिठ्ठ्या. घाई केलीत तर मूल पुन्हा अंदाजाने बोलू लागेल. मी दोनदा केली, दोन्ही वेळा मागे यावं लागलं.

मग मजकुरात मुद्दाम खोडी काढा: ‘आंधळ्याने हत्तीचे तोंड धरले.’ पाठांतरावर चालणारं मूल ‘सोंड’ म्हणतं, वाचणारं मूल थबकतं, हसतं आणि “चुकलंय!” म्हणतं. त्या हसण्यासाठी मी महिनाभर थांबते.

जोडाक्षरं शेवटी. आणि शिस्तीत, पायरीपायरीने चाललेला अक्षर-ध्वनीचा सराव बंद करू नका. त्याची जागा गोष्ट घेत नाही.

उजळणीला आंधळ्यांचा क्रम बदलून द्या.