मुरुड ते वेळास: कोकणातल्या चढ-उतारांवर सायकल कशी चालवायची

घाट लीलया चढणारे सायकलवालेही कोकणात दमतात. घाट एकदा चढला की झाला. इथे खाडीपाशी उतरायचं, डोंगराची सोंड चढायची, परत गावात उतरायचं, हेच दिवसभर. मुरुड (जंजिऱ्याजवळचं) ते वेळास जेमतेम ७०-८० किलोमीटर, पण अख्खा दिवस हाताशी ठेवा.

जायचं ते उत्तरेकडून दक्षिणेला. हिवाळ्यात दुपारनंतर वारा बहुधा वायव्येचा, म्हणजे पाठीशी. आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत सायकल चढते. सकाळची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. दिवेआगरला घावन खा. मोदक एकच, पुढे चढ आहेत.

खरी परीक्षा भरडखोल-शेखाडीच्या रस्त्यावर. डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र, आणि बघत बसलात की चढावर जड गिअरमध्येच अडकता. गिअर चढ लागायच्या आधीच हलका करा. जोर लावताना बदलला तर चेन करकरते, कधी उतरते. सीटवर बसूनच चढा. सोबत्याशी अख्खं वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त झालाय. उतरून ढकलण्यात काही कमीपणा नाही, मी बिनदिक्कत ढकलते.

उताराचा मात्र मला धाक आहे. ब्रेक वळणाच्या आधी, दोन्ही एकदम; वळणात दाबलात तर वाळूवर चाक सरकलंच म्हणून समजा. कोळीवाड्याजवळ आधी सुकटीचा वास येतो, मग कुत्री. वास आला की वेग कमी.

श्रीवर्धनला जेवा. भात निम्मा, सोलकढी दोनदा, आणि ऊन उतरेपर्यंत चक्क आडवे व्हा. बाटलीत नुसतं पाणी नको. दमट हवेत घामाबरोबर मीठ जातं, म्हणून एका बाटलीत ओआरएस.

हरिहरेश्वरहून बागमांडल्याला, तिथून दुसरी फेरीबोट. सावित्रीची खाडी ओलांडली की वेसवी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. बाणकोटचा किल्ला पाय शिल्लक असतील तरच.

ट्यूब दोन न्या. प्रेस्टा व्हॉल्व्हची (बारीक, लांब तोंडाची) ट्यूब वाटेतल्या पंक्चरवाल्याकडे मिळेल या भरवशावर राहू नका. मागचा लाल दिवा चार वाजताच लावा. वेळासला घरगुती मुक्काम होतो, पण स्वयंपाक माणसं मोजून करतात; जेवायला किती जण आहात ते आधी कळवा, आणि सायकलवाले आहात हेही सांगा, म्हणजे भाकऱ्या वाढवून थापतील.