एकाच ब्लॉन्ड एलवर चार हॉप्सची पारख

घरी बिअर करताना नवा हॉप (बिअरला कडवटपणा आणि वास देणारे एका वेलीचे फूल) आजमावायचा म्हणजे 20 लिटरचा सगळा घाणा पणाला लागतो. त्याऐवजी साधी ब्लॉन्ड एल, म्हणजे फिकट रंगाची सौम्य बिअर, करावी, उकळताना कडवटपणापुरतेच हॉप्स घालावेत आणि किण्वन पूर्ण थांबल्यावर ती 4 लिटरच्या निर्जंतुक काचेच्या बरण्यांत, नळी तळाशी टेकवून, अजिबात फेस न होऊ देता भरावी. प्रत्येकीत 8 ग्रॅम वेगळा हॉप घालावा: एकीत ग्रेपफ्रूटच्या वासाचा कॅस्केड, दुसरीत सिट्रा, तिसरीत मोझॅक, चौथीत सौम्य चेक साझ. पाचवी मात्र कोरीच ठेवावी, कारण खरी तुलना तिच्याशीच होते. एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारे, पण हवा आत न येऊ देणारे झाकण) लावून तीन दिवसांनी चाखावे.

उरलेला हिरवा चोथा कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये. हॉप्स त्याच्या जिवावर बेतू शकतात.