सजवलेली जुनी तार (टेलिग्राम) हाती आली की

आधी मजकूर वाचू नका. मोह होतोच, मला अजूनही होतो. पण कागद टेबलावर ठेवा आणि दिव्याचा उजेड अगदी बाजूने पडू द्या. वर डकवलेल्या पट्ट्या असतील तर त्यांच्या कडा लगेच उठून दिसतील. टेलिप्रिंटर अरुंद फितीवर अक्षरं छापायचा. मग ती फीत तोडून फॉर्मवर चिकटवायचे. म्हणूनच नक्षीदार वेलींच्या मधोमध त्या ओळी जराशा तिरक्या बसलेल्या असतात. मला तर त्यातच गंमत वाटते.

नक्षीपेक्षा मधली मोकळी जागा बघा. चित्रकाराची खरी कसोटी तिथे, कारण मजकूर किती येणार हे त्याला ठाऊक नसायचं. ब्रिटिश पोस्टाने जुलै १९३५मध्ये शुभेच्छा तार सुरू केली, तेव्हा पहिली रचना मार्गारेट कॅल्किन जेम्स यांची होती आणि पाकीट सोनेरी. नऊ शब्दांना नऊ पेन्स, साध्या तारेला सहा. म्हणजे तीन पेन्स निव्वळ नटण्याचे! पुढच्याच वर्षी व्हॅलेंटाइनची तार रेक्स व्हिसलर यांनी चितारली. स्वीडनमध्ये सजवलेल्या तारा १९१२पासूनच होत्या आणि त्यांतला काही पैसा क्षयरोगाविरुद्धच्या कामाला जायचा.

आता तारीख. ब्रिटिश शुभेच्छा तारेवर १९४६चा शिक्का दिसला तर पुन्हा नीट बघा. युद्धात १९४३ साली ही सेवा बंद पडली, ती परत आली १९५०मध्ये. परदेशी तारेत पत्त्याआधी ‘एलएक्स’ अशी खूण शोधा. सजवलेल्या फॉर्मवर द्यायची तार, असा तिचा अर्थ.

पाणी मात्र अजिबात लावू नका. माझ्या एका तारेवर पट्ट्या नव्हत्या, करड्या पेन्सिलीचं हस्ताक्षर होतं. घडी मोडावी म्हणून रात्री ओलसर टीपकागद ठेवला. सकाळी पाठवणाऱ्याचं नाव जांभळ्या डागात विरघळलेलं. ती कॉपिंग पेन्सिल होती: कोरडी असेतो करडी, ओल लागली की शाई. तेव्हापासून घडी सपाट करायची तर दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तक, आणि आठवडाभर विसरायचं.

सुटलेली पट्टी सेलोटेपने चिकटवू नका, लॅमिनेशन तर नकोच. पट्टी कुठे होती त्याचा फोटो काढा आणि पट्टी तारेसोबतच पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. मूळ पाकिटाची फाटकी कड कात्रीने सरळ करू नका. ती कड तार उघडणाऱ्याच्या घाईने फाटली आहे.