वावराला तारेचं कुंपण: खांबांचं अंतर आणि मालाचा हिशेब

दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती एकर?" त्यावरून खांब काढले की हिशेब चुकलाच समजा. कुंपण घेरावर लागतं. चौरस एकराचा घेर साधारण ८३५ फूट. तेच एकर १०० फूट रुंदीच्या पट्टीत असेल तर १,०७१ फूट. सातबाऱ्यावर क्षेत्र मिळतं, घेर मिळत नाही. म्हणून टेप धरून धुऱ्याधुऱ्यानं चाला आणि प्रत्येक बाजू वेगळी लिहा. धुऱ्याचा वाद असेल तर आधी सरकारी मोजणी करून घ्या. वाद नसला तरी खांब फूटभर आपल्या हद्दीत घ्या, म्हणजे खड्ड्याची माती शेजाऱ्याच्या पिकात जात नाही.

काटेरी तारेला दोन खांबांत जास्तीत जास्त १० फूट अंतर ठेवा. १२ फुटांवर खांब वाचतात, पण तार झोळ धरते आणि रानडुक्कर तिथूनच आत शिरतं. बाजूची लांबी १० नं भागा, अपूर्णांक आला तर वरचा पूर्ण आकडा घ्या आणि तेवढे सारखे गाळे (दोन खांबांमधली जागा) पाडा. सरसकट १० फुटांवर खुंट्या मारत गेलात तर कोपऱ्याशी दोन फुटांचा तुकडा उरतो आणि एक खांब वाया जातो.

दोन एकरांना थोडं कमी असलेलं एक वावर घेऊ. उत्तर ४२० फूट, पूर्व २१२, दक्षिण ४०५, पश्चिम १९८. ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी पश्चिमेला १२ फुटांचं फाटक, दक्षिण कोपऱ्यापासून २० फुटांवर. (हार्वेस्टर आत न्यायचा असेल तर फाटक १६ फूट धरा.) उत्तरेला १० फुटांचे ४२ गाळे. पूर्वेला २२, प्रत्येकी सुमारे ९ फूट ८ इंच. दक्षिणेला ४१, सुमारे ९ फूट १०½ इंच. पश्चिमेला फाटकाच्या अलीकडे २, पलीकडच्या १६६ फुटांत १७. एकूण १२४ गाळे आणि फाटकाचा एक. घेर बंद असला की जितके गाळे तितकेच खांब, म्हणजे १२५. "गाळे अधिक एक" हा हिशेब फक्त एकाच सरळ बाजूला कुंपण करताना लागतो.

कुंपण पडतं ते बहुधा कोपऱ्यातून. पाच तारांचा सगळा ओढा कोपऱ्याच्या खांबावर येतो. मधले खांब तार फक्त उचलून धरतात. म्हणून चार कोपरे, फाटकाचे दोन आणि साधारण दर १५० फुटांवर एक ताण-खांब (लांब बाजूवर तार ताणून बांधायचा मजबूत खांब), यांना जाड काम करा. आपल्या वावरात उत्तरेला दोन, दक्षिणेला दोन, पूर्वेला एक ताण-खांब येतो. पश्चिमेला १६६ फूट आहेत; जास्तीच्या १६ फुटांसाठी वेगळा ताण नको. हे झाले ११ मुख्य खांब. ते ८ फुटी घ्या, ३ फूट गाडा. मधले ११४ खांब ७ फुटी, २ फूट आत. वर सगळे ५ फूट राहतात.

मुख्य खांबाला तिरपा टेकू लागतो. कोपऱ्याला दोन, ताण-खांबाला दोन, फाटकाच्या खांबाला एक, मिळून २०. टेकू तार ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला, तारेच्या रेषेत बसतो. बाहेरून लावलेला टेकू खांबाला काहीच आधार देत नाही, तरी गावोगावी तसेच दिसतात. ७ फुटी टेकूचं डोकं खांबाला ४ फुटांवर टेकवा आणि पाय साडेचार फूट लांब, फूटभर खोल गाडा.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि या उघडझापीत खांब सैल होतो. खड्डा खाली थोडा रुंद, वर अरुंद ठेवा. वर पसरट काँक्रीट राहिलं तर फुगणारी माती त्याला उचलते. मधल्या खांबांभोवती खोदलेली काळी मातीच परत लोटू नका. मुरूम-गिट्टी थराथरानं सबलीनं ठोका. मे महिन्यात ही माती खोदणं म्हणजे मजुरी दुप्पट. सोयाबीन निघाल्यावर थोडी ओल असताना खड्डे पाडा.

मुख्य खांबांचे खड्डे दीड × दीड × ३ फूट, टेकूचे १ × १ × दीड. खांबांची जागा वजा करून सुमारे ९९ घनफूट काँक्रीट लागतं. १:३:६ प्रमाणात (सिमेंट, रेती, गिट्टी) सिमेंटच्या १३ गोण्या, रेती अर्धा ब्रास, गिट्टी एक ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट). किमान आठवडाभर पाणी मारल्याशिवाय तार ओढू नका.

तारा जमिनीपासून ६, १४, २४, ३८ आणि ५४ इंचांवर, म्हणजे खाली दाट, वर विरळ. सिमेंटच्या खांबाला भोकं आधीच पाडलेली असतात, म्हणून ऑर्डरीपूर्वी अंतर तपासा. घेर १,२३५, फाटक वजा १,२२३ फूट. पाच ओळींचे ६,११५. गुंडाळणं आणि जोड यांसाठी ५ टक्के धरून साधारण १,९६० मीटर. प्रत्येक गाळ्यात कैची (एकमेकींना छेदणाऱ्या दोन तिरप्या तारा) मारायची असेल तर आणखी सुमारे २,६७० फूट तार लागते. तोंडी अंदाजात हीच सुटते.

तार किलोवर मिळते, म्हणून नुसत्या गेजवर (जाडीच्या नंबरावर) विसंबू नका. १० मीटर मोजून काट्यावर ठेवा. १.१ किलो भरली तर १,९६० मीटरला सुमारे २१६ किलो. अडीच मिलिमीटरच्या दोन तारांचंच वजन मीटरला ७७ ग्रॅम होतं, काटे वेगळे. त्याहून हलकी निघाली तर तार बारीक आहे.

बांधायला १६ गेज जीआय (जस्त चढवलेली) तार साडेतीन किलो. वाहतुकीत सिमेंटचे खांब तडकतात, म्हणून ७ फुटी १४० (टेकू धरून) आणि ८ फुटी १२ मागवा; उतरवतानाच भेगा बघा. नाल्याच्या खोलगटात तार ताणली की खालून वर उचलली जाते. तिथे एक जादा खांब द्या.

रोही (नीलगाय) पाच फूट सहज ओलांडतो, त्याच्यासाठी ही उंची पुरणार नाही. मग तारेत मेन लाइनचा करंट सोडण्याचा सल्ला कुणीतरी देतंच. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसं मरतात. करंटच हवा असेल तर झटका मशीनचं (क्षणभराचा, जीव न घेणारा झटका देणाऱ्या यंत्राचं) सौर कुंपण वेगळं उभारा. त्याच्या तारा इन्सुलेटरवर लागतात, या काटेरी तारेवर नाही.